बर्फाच्या कारखान्यातल्या खुर्च्या

४ जानेवारी

अक्के,

नमस्कार. दाजींचं कार्ड मिळालं. त्यात तुझ्या तब्येतीवर एक ओळ आणि बर्फाचा कारखाना बंद पडल्याबद्दल सहा ओळी आहेत, त्यावरून घरी सगळं ठीक आहे असं धरून चालतो.

ती बातमी वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. मी इथं हॉटेलच्या लिफ्ट दुरुस्त करतो हे तुला ठाऊक आहे. पण हॉटेलच्या तळघरात गाण्याचा एक हॉल आहे, हे मी कधी लिहिलं नव्हतं. लोक तिकीट काढून येतात, दोन तास बसतात, वाजवणारे वाजवतात. आम्हा कामगारांना आत जायची परवानगी नाही. पण लिफ्टच्या सगळ्यात खाली एक खड्डा असतो, तिथं मोठाल्या स्प्रिंगा असतात, तेल साचलेलं असतं. त्या खड्ड्याची भिंत आणि हॉलची भिंत एकच आहे. शनिवारी मी काहीतरी काम काढून खाली उतरतो. भिंतीला पाठ लावली की आतलं ट्रंपेट पाठीत वाजतं.

आता चिडू नकोस, पुढचं नीट वाच. तो कारखाना भाड्यानं घेऊन आपल्याकडे असाच हॉल काढला तर? गावात गाणं ऐकायला जागा आहेच कुठं? मी थोडेफार साठवले आहेत. इथला माझा करार मार्चअखेर संपतो. नवीन कागदावर सही केली तर आणखी पाच वर्षं इथं. नाही केली तर मी घरी.

तू खुर्च्या भाड्यानं देतेस. गावातला प्रत्येक कार्यक्रम तुझ्या खुर्च्यांवर बसून होतो. कारखाना बघून ये आणि सांग, असा हॉल फायद्यात चालेल का. चालेल म्हणालीस तर सही करत नाही. नाही म्हणालीस तर करतो, पुन्हा हा विषय काढणार नाही. तू मला लहानपणी मारलंस, शिव्या दिल्यास, पण खोटं कधी बोलली नाहीस. म्हणून तुलाच विचारतो.

घराचं मागचं दार अजून अडकतं का?

तुझा भोंग्या


१९ जानेवारी

भोंग्या,

पत्रास कारण तूच, दुसरं काय असणार.

तुझं पत्र आधी तुझ्या दाजींच्या हाती लागलं. मोठ्यानं वाचायला घेतलं आणि लिफ्टच्या खड्ड्यापाशी आले तर रडायलाच लागले. मी हिसकावून घेतलं आणि उरलेलं स्वतः वाचलं. मी तिसरीत शाळा सोडली, अक्षराला अक्षर लावत वाचते, पण रडत वाचत नाही. या माणसाला पोस्टमननं ‘बरं आहे ना’ विचारलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

काल कारखाना बघून आले. मालक बरोबर होता. तो सारखा ‘छत बघा, छत बघा’ म्हणत होता. मी म्हटलं, छतावर कोणी बसणार आहे का, संडास दाखव. संडास एकच, अंगणाच्या पलीकडे, आणि त्याला कडी नाही. बायका येणार नाहीत. बायका घरी राहिल्या की पुरुष एकटे येतात, ते अर्ध्यातून उठतात आणि उधारी मागतात.

तुझ्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणशील अक्का आधीच ठरवून गेली होती. भिंती हातभर जाड आहेत, मध्ये भुसा भरलेला. मी आत एका टोकाला उभी राहिले आणि साध्या आवाजात दाजींना म्हटलं, घरी जाताना मीठ घ्यायचंय. ते दुसऱ्या टोकाला होते, त्यांना ऐकू आलं. घरात सात हाका मारल्या तरी ऐकू येत नाही. म्हणजे आवाजाला जागा चांगली. दार गादीएवढं जाड आहे, खांदा लावून ढकलावं लागतं, पण एकदा लागलं की बाहेरच्या गाड्यासुद्धा ऐकू येत नाहीत.

जमिनीला मात्र ओल आहे. लोखंडी खुर्च्यांचे पाय महिन्यात गंजतील. शेवटची बस लवकर जाते. आणि मुख्य म्हणजे लोक. लोकांना गाणं आवडतं, पण फुकटचं. शिंप्याच्या जावयानं मागं तिकीट लावून कार्यक्रम केला होता, माझ्या निम्म्या खुर्च्यांची घडीसुद्धा उघडली नाही.

मी माणसांच्या बोलण्यावर जात नाही. ‘छान झालं, छान झालं’ सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या गोळा करायला जाते, तेव्हा खुर्च्या सांगतात. लोक रमले असतील तर एक रांग सरळ सापडत नाही. कोणी खुर्ची मैत्रिणीकडे फिरवलेली, कोणी पोराला निजवायला दोन जोडलेल्या, एखादी पार पुढं ओढून नेलेली. भाषण असलं किंवा कोणी गेल्याची सभा असली तर जशा मांडल्या तशाच सापडतात. आणि अशा सभेला मागच्या रांगा आधी भरतात.

माझं मत विचारलंस तर बुडेल. पण ‘नाही’ असं मी अजून लिहीत नाही. का ते विचारू नकोस.

ट्रंपेट वाजवतोस का अजून? मागच्या तीन पत्रांत विचारलं, तू उत्तर देत नाहीस.

मागच्या दाराला दाजींनी रंधा मारला. आधी अडकायचं, आता लागतच नाही.

अक्का


५ फेब्रुवारी

अक्के,

तू ‘नाही’ लिहिलं नाहीस, एवढ्यावर मी आठवडाभर खूश आहे.

संडासाला कडी लावता येईल. ओलीसाठी फळ्या टाकता येतील. बससाठी कार्यक्रम लवकर सुरू करू. इथं हॉलमध्ये भिंतींना जाड पडदे आहेत आणि दिवे मंद ठेवतात, म्हणजे शेजारी कोण रडतंय ते दिसत नाही. आपल्याकडे दिवे लागले नाहीत तरी चालेल, लोकांना अंधाराची सवय आहे.

एक विनंती करतो. एक संध्याकाळ करून बघ. खर्च मी पाठवतो. गावातलं कोणीही बोलाव, पेटीवाले मास्तर, देवळातला पोरगा, कोणीही. लोक येतात का, बसतात का, एवढंच बघायचं. तुझ्या खुर्च्या काय म्हणतात ते कळव. मग मी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

काल खड्ड्यात उभा होतो तर वर कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि सगळा दोरखंडांचा आवाज सुरू झाला. गाणं बुडालं. मी तिथंच ठरवलं की म्हातारपणी मला भिंतीच्या या बाजूला उभं राहायचं नाही.

मार्चअखेर फार लांब नाही.

भोंग्या


२५ फेब्रुवारी

भोंग्या,

शनिवारी संध्याकाळ केली. पेटीवाले मास्तर आधी पैसे मागत होते आणि वर घशाला मध मागत होते, म्हणून त्यांना सोडलं. तुझीच जुनी टेप लावली, घरी वाजवलेली. वाजंत्रीवाल्याचा लाउडस्पीकरचा कर्णा आणला. दाजी घरोघरी जाऊन सांगून आले.

खुर्च्या सगळ्या भरल्या. दाराशीही लोक उभे होते. टेप संपेपर्यंत कोणी उठलं नाही, खोकलंसुद्धा नाही. न्हाव्यानं दुकान बंद ठेवलं होतं. कारखान्याचा मालक म्हणाला, या इमारतीत इतकी माणसं त्यानं कधी बघितली नाहीत.

तू विचारलं होतंस लोक येतील का, बसतील का. आले. बसले.

काय ते तू ठरव.

अक्का


५ मार्च

अक्के,

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरतो. जेवणाच्या सुट्टीत काढून वाचतो. माझ्याबरोबर सरकते जिने आणि मोटरी बघणारा एक आहे, त्याला आपली भाषा येत नाही, तरी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझी बहीण फार कमी बोलते. मी म्हटलं, तू तिला भेटलेला नाहीस.

मी साहेबांना सांगून टाकलं की सही करणार नाही. ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत कागद टेबलावर आहे, विचार बदलला तर ये. मी मनात म्हटलं, हॉल भरलेला आहे, विचार कसला बदलतोय.

खोली सोडायचं मालकिणीला सांगायचं आहे. इथं माझं असं फार काही नाही, एक ट्रंक भरेल. रात्री डोळे मिटले की मला कारखान्याचं ते आवार दिसतं. बर्फ फोडायचे ना तिथं, आणि आपण खाली पडलेले तुकडे उचलून पळायचो, ते हातात विरघळायच्या आत घरी पोचायचे नाहीत आणि तू माझ्यावर ओरडायचीस. मी दाराशी उभा राहीन, लोक येतील, मी तिकिटं फाडीन. तू खुर्च्यांचं बघ.

पण तू किती त्रोटक लिहिलंस. कुठलं वाजवलेलं त्यांना आवडलं? पुन्हा लावा म्हणाले का? टाळ्या वाजल्या का? आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलं, दुसऱ्या दिवशी खुर्च्या कशा सापडल्या? ते तू लिहायचं विसरलीस. तू ते विसरशील असं मला वाटलं नव्हतं.

लगेच कळव.

तुझा भोंग्या


तार
१९ मार्च

सही करून टाक. कारण पत्रात. अक्का.


२० मार्च

भोंग्या,

काल तार केली. ती आधी पोचेल, हे पत्र मागून. तार वाचून तू कपाळाला हात लावला असशील. लाव. मीही लावला.

मी विसरले नव्हते. खुर्च्या जशा मांडल्या तशा सापडल्या. एकही हललेली नव्हती. टाळ्या वाजल्या नाहीत.

आता सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

तुझ्या दाजींना मी सांगितलं होतं, घरोघर जा आणि शनिवारी भोंग्याचं वाजवणं ऐकायला बोलवा. हे गेले. आणि प्रत्येक दारात म्हणाले, ‘शनिवारी कारखान्यात या हो, आमच्या भोंग्यासाठी. फार लांब गेला आमचा.’ आणि रडले. मला हे नंतर न्हाव्यानं सांगितलं. त्यांना विचारलं तर म्हणतात, मी खरं तेच बोललो.

माझ्या लाल खोळी त्या दिवशी लग्नाला गेल्या होत्या. घरात पांढऱ्या उरल्या, त्याच खुर्च्यांना घातल्या. कोण वाजवतंय ते लोकांना कळावं म्हणून तुझा ट्रंपेटवाला फोटो मोठा करून टेबलावर ठेवला. तिथला बल्ब उडाला, म्हणून फोटोजवळ कंदील लावला. मी मूर्ख नाही, पण मी त्या दिवशी खुर्च्या मोजत होते, फोटोकडे बघत नव्हते.

लोक यायला लागले आणि मागच्या रांगा आधी भरल्या. तेव्हाच माझी मोजणी चुकली. मग न्हावी जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘फार त्रास झाला का?’ मला वाटलं तो हॉलचं विचारतोय. मी म्हटलं, ‘त्रास कसला, दोन दिवसांत उरकलं. खर्चही फार आला नाही.’ तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याला विचारलं, माझ्या तोंडाला काही लागलंय का. मग शिंपीण आली, माझा हात धरला आणि सोडेना. म्हणाली, ‘धाकटा होता ना तुमच्याहून.’ होता म्हणाली.

मी मागं वळून बघितलं. पांढऱ्या खुर्च्या, कंदील, तुझा फोटो, आणि पहिल्या रांगेत तुझे दाजी एकटे बसून धाय मोकलून रडतायत. मी बाहेरची असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं की माझा भाऊ जिवंत आहे आणि लिफ्ट दुरुस्त करतो. पण टेप सुरू झाली होती. आणि हॉल भरला होता, भोंग्या. तुझ्यासाठी भरला होता. मला तो थोडा वेळ तसा बघायचा होता. म्हणून गप्प बसले.

तू छान वाजवायचास. घरात असताना मला कधी तसं वाटलं नाही, मी सारखी ‘थांबव ते’ म्हणायचे. त्या जाड भिंतींत तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता, प्रत्येक ओळीच्या आधी घेतलेला. शिंपीण पदर तोंडाला लावून बसली होती.

आणि आता जे सांगते ते तुला माहीत नसणार. तुझं वाजवून संपल्यावर टेप चालूच राहिली. तू बटण बंद करायला विसरला असशील. थोडी खरखर झाली आणि मग आई बोलली, आपली गेलेली आई. ‘दार लाव आधी. अख्ख्या गल्लीला ऐकवायचंय का?’ एवढंच. मग खट करून टेप संपली.

तसा मागच्या रांगेतला घड्याळवाला उठला, आईच्या वरच्या मजल्यावर राहायचा तो. आता नीट चालवत नाही त्याला. तो भिंत धरत दारापर्यंत गेला, ते जाड दार खांद्यानं ढकललं आणि लावलं. मग परत येऊन बसला. कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. आई सांगायची तेव्हा गल्लीतला कोणीही उठायचा, तुला आठवत असेल.

घरी येऊन तुला लिहायला बसले. खरं तेच लिहिणार होते. मग मनात आलं, यातलं थोडं गाळलं तर माझा भाऊ घरी येतो. गाळलं. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. पण तू खुर्च्यांचं विचारलंस आणि मला पुढं लिहिता येईना. तू सही न करता आला असतास, हॉल काढला असतास, पहिल्या शनिवारी दाराशी तिकिटं हातात घेऊन उभा राहिला असतास आणि कोणी आलं नसतं. माणूस गेला की सगळा गाव एकदा येतो. हॉल चालवायचा तर तोच गाव दर आठवड्याला यायला लागतो, तोही पैसे देऊन. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून आता लिहिते. नाही. चालणार नाही. सही कर.

गावाला खरं सांगून टाकलं आहे. न्हावी दाजींशी बोलत नाही. म्हणतो, मी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं, त्याचं काय. शिंपीण आनंदानं पुन्हा रडली. घड्याळवाल्याच्या दुकानात मी स्वतः गेले. त्यानं डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि म्हणाला, ‘गेला असेल तर येत नाही, हे मला समजलं होतं. जिवंत आहे तर येत का नाही?’

मी म्हटलं, त्यालाच विचारून सांगते. आता तू कळव.

अक्का


७ एप्रिल

अक्के,

तार वेळेवर मिळाली. साहेबांनी कागद पुढं केला. तू सही कर म्हणालीस, मी केली. कारण विचारायला पत्र अजून वाटेत होतं. ते चार दिवसांनी आलं. आधी आलं असतं तरी सही केलीच असती.

तुझ्यावर रागावलो नाही. दोन दिवस रागवायचा प्रयत्न केला. मग दाजी दारोदार रडत फिरतायत हे डोळ्यांपुढं आलं आणि लिफ्टमध्ये एकटाच हसत सुटलो. एक बाई सामान घेऊन आत येत होती, ती दुसऱ्या लिफ्टनं गेली.

आता माझंही सांगतो. तू चारदा विचारलंस, पाचव्यांदा विचारायला लावत नाही. मी ट्रंपेट वाजवत नाही. लिफ्टच्या दाराची दांडी सुटून तोंडावर बसली होती, आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी. समोरचे दात खोटे आहेत. ओठांत जोर धरत नाही, नुसती हवा जाते. तुला कळवलं नाही कारण तू दाताचं विचारून विचारून जीव खाल्ला असतास. ट्रंपेट विकलं नाही. खाटेखाली आहे. महिन्यातून एकदा पुसतो.

हॉलमध्ये मी वाजवणार नव्हतोच. मी फक्त दाराशी उभा राहणार होतो.

घड्याळवाल्याला काय सांगायचं ते तूच बघ. मी आईच्या वेळेला आलो नाही. त्यानंतर रिकाम्या हातानं गल्लीत शिरायचं म्हटलं की पाय मागं येतात. हॉल असता तर प्रश्नच नव्हता. लोक म्हणाले असते, हा हॉल काढायला आलाय. मग कोणी दुसरं काही विचारलं नसतं.

टेपच्या शेवटी आई आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. तिचा आवाज कसा होता ते मी इथं आठवायला बसतो आणि मला तुझाच आवाज येतो, तोही ओरडताना. ती टेप मला पाठव. नीट बांधून, कापसात गुंडाळून. त्याबदल्यात काय सांगशील ते करतो.

भोंग्या


२२ एप्रिल

भोंग्या,

टेप पाठवत नाही. पोस्टात तुटते, आणि नाही तुटली तरी पाठवत नाही.

दातांचं वाचलं. त्यावर मी तोंडानं बोलणार आहे, पत्रात मावणार नाही.

कारखाना बटाट्याच्या व्यापाऱ्यानं घेतलाय. सहा महिन्यांनी त्याचा माल येईल. बटाट्यांना बस लागत नाही आणि संडासही लागत नाही, त्यामुळे त्याचं चालेल. झालं, हॉलचा विषय संपला.

आता दुसरा विषय. तू पहिल्या वर्षी लिहिलं होतंस की करारात दर वर्षी एक महिना रजा असते आणि जायचं-यायचं भाडं मिळतं. मी विसरलेली नाही. तू दर वर्षी ती रजा विकलीस आणि पैसे मला पाठवलेस, आणि मी मूर्खासारखी खुर्च्या घेत गेले. परवा गोदामात खुर्च्या रचत होते तेव्हा कळलं. ही चळत त्या वर्षीची, ती त्याच्या पुढच्या वर्षीची. इतकी वर्षं सगळा गाव तुझ्या रजांवर बसतोय. रिकाम्या हातानं येतो म्हणणाऱ्याला एवढं सांग, आणि घड्याळवाल्यालाही मी हेच सांगितलं. तो म्हणाला, मग एकदा स्वतःही बसून जाऊ दे त्याला.

या वर्षीची रजा विकलीस तर मनीऑर्डर परत पाठवीन, आणि पाठवणावळ तुझ्याकडून घेईन.

सरळ विचारायचं होतंस, ‘येऊ का?’ म्हणून. दोन शब्द. तू त्यासाठी कारखाना बघायला पाठवलंस मला, ओलीत उभं केलंस, गावाला रडवलंस.

बटाटे यायच्या आधीची एक संध्याकाळ मी मालकाकडून मागून घेतली आहे. तारीख तू कळव, तुझ्या रजेप्रमाणे ठरवते. तिकीट नाही. नुकसान माझं. लाल खोळी त्या महिन्यात कुठल्याही लग्नाला देणार नाही. न्हावी म्हणाला, तो येईल पण दुकान बंद ठेवणार नाही, आधी तू खुर्चीत बसलेला दिसलास की मगच ठेवेल. दाजींना आमंत्रणं करायला पाठवणार नाही.

तू वाजवायचं नाहीस. पहिल्या रांगेत बसायचंस, दाजींच्या शेजारी, आणि ते रडायला लागले की कोपर मारायचं. मी मागं उभी राहून खुर्च्या बघेन. एक जरी रांग सरळ राहिली तरी खुर्ची तुझ्या डोक्यात घालीन.

टेप शेवटपर्यंत चालू ठेवणार आहे. आई दार लाव म्हणेल. घड्याळवाल्याला मी सांगून ठेवलंय, त्यानं बसून राहायचं. या वेळी उठायचं तू.

अक्का